माणसागणिक वन-ऑन-वन: ज्याच्या त्याच्या बोलण्याच्या धाटणीप्रमाणे भेट कशी बेतावी

पहिल्यांदा टीम हातात आली तेव्हा माझ्याकडे सहा जण होते. दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास वन-ऑन-वन, म्हणजे फक्त दोघांची भेट, आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न: काय चाललंय, कुठे अडलंय, माझ्याकडून काय हवंय. सगळ्यांना एकच माप लावतोय म्हणून मी स्वतःवर खूशही होतो. त्यातली एक सहकारी दर वेळी 'सगळं ठीक आहे' म्हणून बाराव्या मिनिटाला उठायची. मला वाटायचं, बरं आहे, हिच्याकडे बघावं लागत नाही. पाचव्या महिन्यात तिने राजीनामा दिला आणि सोबत दोन पानांची मेल पाठवली. कामाच्या वाटपापासून एका ग्राहकाच्या त्रासापर्यंत सगळं क्रमवार, नेमक्या शब्दांत. त्यातली एकही गोष्ट तोवर माझ्या कानावर आलेली नव्हती.

ती मेल मी बऱ्याचदा वाचली. तिला सांगायचं होतं आणि उत्तम सांगताही येत होतं. मी मात्र तिला दर आठवड्याला तोंडी, ऐनवेळी, समोरासमोर आणि माझ्या वेगाने बोलायला बसवत होतो. उरलेल्या पाचांपैकी तिघांना ती पद्धत मानवली होती, कारण ते तिघे बोलण्यात माझ्यासारखेच होते.

इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की ही भेट हाताखालच्या माणसाची समजावी. विषय आणि सूर त्याने ठरवावा. वाचायला सोपं आहे. पण सूर ठरवण्याचा अधिकार नुसता देऊन चालत नाही, तो घेता येईल अशी भेटीची मांडणी करावी लागते. पुढच्या पायऱ्या त्या मांडणीच्या आहेत. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की धरा: बदलायची ती बोलण्याची रीत, बोलण्यातला ऐवज नव्हे. कडू गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणाला नाही हे स्वभाव पाहून ठरवायला लागलात, तर तो पक्षपात झाला.

पायरी १: आधी स्वतःची सवय ओळखा

आपल्याला आपली पद्धत ही पद्धत वाटतच नाही. ती 'नॉर्मल' वाटते. म्हणून पुढच्या दोन आठवड्यांतल्या प्रत्येक वन-ऑन-वननंतर लगेच चार गोष्टी वहीत टिपा: अंदाजे किती वेळ मी बोललो, पहिला विषय कोणी काढला, मी किती वेळा मध्ये तोडलं आणि शांतता पडली तेव्हा ती कोणी मोडली. आकडे नेमके नसले तरी चालतील. तिसऱ्या-चौथ्या नोंदीपर्यंत तुमचं चित्र दिसायला लागतं. माझं दिसलं ते असं: शांतता पडली की दर वेळी मीच ती मोडत होतो.

हे शांततेचं प्रकरण जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा सरासरी वेळ निघाला सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे पापणी लवते तेवढाच. त्यामुळे दोन सेकंदांची शांतताही आपल्याला अवघड वाटते आणि आपण प्रश्न फिरवून परत विचारतो, किंवा उत्तरच सुचवून मोकळे होतो. मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमध्ये हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबत. तोच वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. वर्ग आणि ऑफिस सारखे नाहीत, हे मान्य. पण थांबण्याचा सराव करायला पैसे पडत नाहीत. मी प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजतो. सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं.

पायरी २: माणसाला शिक्का मारू नका, वागणं टिपा

इथे बहुतेक मॅनेजर एखादी व्यक्तिमत्त्व चाचणी शोधायला जातात. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये रूढ केली. तिच्या आधारे इझाबेल मायर्स आणि त्यांच्या आई कॅथरीन ब्रिग्ज यांनी सोळा प्रकारांची ती प्रसिद्ध चाचणी (एमबीटीआय) बांधली. 'डिस्क' (DISC) नावाच्या चार प्रकारांच्या चाचण्यांची मुळं विल्यम मार्स्टन यांच्या १९२८ मधल्या मांडणीत आहेत. गप्पांना विषय म्हणून या चाचण्या बऱ्या. पण सोळा प्रकारांच्या चाचणीत मधल्या रेषेच्या जरा अलीकडे-पलीकडे असलेली दोन माणसं थेट वेगवेगळ्या खणांत पडतात आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. मानसशास्त्रज्ञ आज जास्त करून 'बिग फाइव्ह' नावाचे पाच गुण वापरतात, ते खणांसारखे नसून मोजपट्टीसारखे आहेत.

चाचणीवर न विसंबण्याचं आणखी एक कारण आहे. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं खास विश्लेषण' म्हणून एक कागद दिला. ते विश्लेषण कितपत जुळतंय याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्येकाच्या हातातला कागद एकच होता, वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली. तेव्हा 'अगदी बरोबर ओळखलं हो मला!' असं कोणी म्हणालं म्हणून चाचणी खरी ठरत नाही.

त्यापेक्षा तीन-चार आठवडे डोळे उघडे ठेवा आणि या गोष्टी बघा:

- विचार करून बोलतात, की बोलता बोलता विचार करतात?
- 'नाही' कसं म्हणतात? थेट, की 'बघू', 'अवघड दिसतंय', 'प्रयत्न करतो' असं वळसा घालून?
- आधी ख्यालीखुशाली आणि मग काम, की बसल्या बसल्या काम?
- तपशिलापासून सुरू करून निष्कर्षाला येतात, की निष्कर्ष आधी टाकतात?
- वाईट बातमी कोणत्या वाटेने येते? तोंडी, मेसेजवर, तिसऱ्याच्या मार्फत, की येतच नाही?

यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाकीचे चार नीट कळले नाहीत तरी निभावतं.

टिपण लिहिताना विशेषणं टाळा. 'लाजाळू आहे' असं लिहू नका. 'मीटिंगमध्ये गप्प होती, दोन तासांनी मेसेज करून तीन मुद्दे मांडले' असं लिहा. पहिल्या वाक्यातून पुढे काही करता येत नाही. दुसऱ्या वाक्यात भेट कशी घ्यायची याचं उत्तरच दडलेलं आहे.

आणि परिस्थितीचाही विचार करा. दुसऱ्याचं वागणं आपण त्याच्या स्वभावाच्या खात्यात टाकतो, परिस्थिती विसरतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीला नाव दिलं आणि ती आजही रोज होते. काचेच्या खोलीत, अख्ख्या मजल्याच्या डोळ्यांसमोर बसवलंत तर बडबड्या माणूसही आखडेल. आधीच्या साहेबाने एखादी कबुली पुढे अप्रेझलमध्ये वापरली असेल, तर तुमच्यासमोरचं मौन हा स्वभाव नसून हिशोब आहे. अशा वेळी 'अंतर्मुख लोकांशी कसं बोलावं' हे वाचून काही उपयोग नाही. तुम्ही ऐकलेलं त्यांच्यावर उलटणार नाही हे त्यांना काही महिने अनुभवाने दिसावं लागतं.

पायरी ३: सरळ विचारा

निरीक्षण झालं की अंदाज बांधत बसू नका, विचारा. नवा माणूस असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत. पहिल्याच भेटीत विचारलं तर मुलाखतीतल्यासारखी गुळगुळीत उत्तरं मिळतात. जुन्या माणसाला विचारताना आधी आपली बाजू सांगा: 'आपल्या भेटी मी माझ्या सोयीने घेत आलोय असं वाटतं. तुम्हाला त्या उपयोगी पडाव्यात म्हणून काही विचारायचंय.'

मग यातले तीन-चार प्रश्न पुरे:

- 'विषय आधी कळलेला बरा, की आयत्या वेळी बोललेलं चालतं?'
- 'तुमच्या कामात मला काही खटकलं, तर ते त्याच क्षणी सांगू, नंतर एकट्याला सांगू, की आधी लिहून पाठवू?'
- 'आधीच्या एखाद्या साहेबाची कोणती पद्धत तुम्हाला आवडायची? कोणती डोक्यात जायची?'
- 'तुम्ही वैतागला असाल तर मी कशावरून ओळखायचं?'

शेवटच्या प्रश्नावर लोक आधी हसतात आणि मग बहुतेक वेळा खरं उत्तर देतात. एकाने मला सांगितलं होतं, 'मी फार सभ्य मेल लिहायला लागलो की समजा.' एवढ्या एका वाक्याने पुढचं वर्षभर माझं काम सोपं झालं.

मिळालेल्या उत्तरावर डोळे मिटून विसंबू मात्र नका. 'मला तोंडावर सांगितलेलं चालतं' असं छातीठोक सांगणारे काही जण पहिल्याच तोंडावरच्या वाक्याने दोन दिवस अबोला धरतात. उत्तर आणि वागणं जुळलं नाही तर वागणं खरं माना.

पायरी ४: भेटीचा साचा त्या माणसाला बसवा

खाली मी ढोबळ धाटण्या घेतल्या आहेत. एकच माणूस दोन-तीन धाटण्यांत बसू शकतो, विषयागणिक बदलूही शकतो.

*विचार करून बोलणारे.* यांच्या बाबतीत सगळी मेहनत भेटीआधी करायची. आदल्या दिवशी दोघांच्या सामाईक कागदावर दोन-तीन प्रश्न टाका आणि ते नेमके ठेवा. 'कसं चाललंय?' हा प्रश्न या लोकांना फार रुंद पडतो. कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही आणि मग 'ठीक' हे सोयीचं उत्तर येतं. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यात कोणत्या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायला हवा होता का?' असं विचारा. भेटीत शांतता पडली तर पडू द्या. समोरासमोर बसण्यापेक्षा एकत्र चालत बोलणं किंवा एकाच स्क्रीनकडे बघत बोलणं यांना सोपं जातं. नजरेचा भार हलका होतो. आणि शेवटी दार उघडं ठेवा: 'नंतर काही सुचलं तर उद्या लिहून पाठवलं तरी चालेल.' खरी गोष्ट बऱ्याचदा त्या दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये येते. तो मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर द्या. एकदा जरी तो अनुत्तरित राहिला, तरी ते दार बंद झालं समजा.

*बोलता बोलता विचार करणारे.* यांना आधी प्रश्न पाठवून उपयोग नाही, वाचणारच नाहीत. पहिली दहा मिनिटं मोकळी सोडा. चार वेळा विषय बदलेल, नंतरचं वाक्य आधीचं वाक्य खोडेल. त्यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे निर्णय नव्हे, हे लक्षात ठेवा. मी एकदा एकाचं 'हे काम सोडूनच द्यावं' हे वाक्य गंभीरपणे घेऊन पर्यायी माणूस शोधायला लागलो होतो. त्याचं ते दुसऱ्या दिवशी लक्षातही नव्हतं. मधल्या वेळेत एकदा थांबवून तुम्ही ऐकलेलं परत सांगा: 'मला यातून दोन गोष्टी कळल्या... बरोबर का?' शेवटची सात-आठ मिनिटं राखून ठेवा आणि त्यात काय ठरलं ते त्यांच्याच हाताने लिहवून घ्या. तुम्ही लिहिलंत तर त्यांना ते आपलं वाटत नाही.

*'हो' म्हणणारे.* माझ्या मते सगळ्यात अवघड प्रकार हाच, कारण त्रास दिसतच नाही. डेडलाइन जमेल? हो. काही अडचण? नाही. मग तारखेच्या आदल्या संध्याकाळी कळतं की अर्धंच झालंय. हे खोटारडेपण नसतं. वरच्या माणसाला नकार देणं त्यांना उद्धटपणा वाटतो, किंवा समोरच्याचं मन मोडवत नाही. अशांना हो-नाहीचा प्रश्न विचारणंच बंद करा. 'जमेल का?' ऐवजी 'हे शुक्रवारपर्यंत व्हायचं तर हातातलं कोणतं काम मागे पडेल?' असं विचारा. म्हणजे नकार द्यायची वेळ येत नाही, निवड सांगायची येते. 'काही अडचण?' ऐवजी 'यात सगळ्यात आधी काय फसेल असं वाटतं?' एक ते दहा मोजपट्टीही चालते: 'किती खात्री आहे?' आठ म्हणाले, तर उरलेल्या दोनांत काय आहे ते विचारा. आणि पहिल्यांदा नकार आलाच तर त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो याकडे लक्ष द्या. कपाळावर आठी आली, तर पुढचा नकार सहा महिने येणार नाही.

*तोंडावर बोलणारे.* यांच्याशी प्रस्तावना करू नका. कौतुक, मग तक्रार, मग पुन्हा कौतुक असा पुडा बांधून दिलात तर ते वैतागतात, आणि पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या कौतुकातही तक्रार शोधतात. मुद्दा, कारण, अपेक्षा, संपलं. ते वाद घालतील. तो तुमच्याशी नसून मुद्द्याशी असतो हे स्वतःला दोन-तीनदा सांगावं लागेल. यांच्या बाबतीत एक काम हटकून राहून जातं: त्यांच्या थेटपणाचा टीममधल्या इतरांना होणारा त्रास त्यांना सांगणं. ते 'चालतं हो' म्हणतात म्हणून आपण तो विषय हसण्यावारी नेतो. नेऊ नका.

*तपशिलात रमणारे.* यांना आकडे, मजकूर, उदाहरण समोर ठेवून बोलायला आवडतं. 'एकूण बरं चाललंय' या वाक्याने त्यांचं समाधान होत नाही, उलट संशय येतो. त्यांनी तपशिलात फार खोल बुडी मारली तर 'यातला मी ठरवायचा भाग कोणता?' एवढा एक प्रश्न पुरतो.

*आधी माणूस, मग काम.* पहिली पाच मिनिटं कामाची नसतील, ती वाया गेलेली मोजू नका. मात्र तुमचा तो पिंड नसेल तर नाटकही करू नका. खोटी आपुलकी लगेच ओळखू येते. गेल्या वेळी त्यांनी सांगितलेलं आठवणीने विचारलंत तरी भरपूर झालं.

पायरी ५: निरोप एक, वाक्यं वेगळी

समजा, सांगायचं एवढंच आहे: गेल्या महिन्यात तीन अहवाल उशिरा आले, त्यामुळे पुढच्या टीमला दर वेळी एक दिवस थांबावं लागलं, आणि हे थांबायला हवं.

तोंडावर बोलणाऱ्याला: 'गेल्या महिन्यात तीन अहवाल उशिरा आले. पुढच्या टीमचा प्रत्येक वेळी एक दिवस गेला. या महिन्यात एकही उशिरा यायला नको. काय बदलायला लागेल?'

विचार करून बोलणाऱ्याला आदल्या दिवशी लिहून: 'उद्या आपण अहवालांच्या वेळेबद्दल बोलू. गेल्या महिन्यात उशिरा आलेल्या तीन अहवालांच्या तारखा खाली दिल्या आहेत. पुढच्या टीमचा प्रत्येक वेळी एक दिवस गेला. उशीर कोणत्या टप्प्यावर होतो याबद्दल तुमचं मत ऐकायचंय. या महिन्यात सगळे वेळेवर यायला हवेत, तेव्हा त्यासाठी काय करायचं हेही ठरवू.' कडक वाक्य इथेही आहेच, फक्त विचार करायला एक रात्र दिली आहे. मात्र 'उद्या थोडं बोलायचंय' एवढंच पाठवू नका. विषय न सांगता पाठवलेला असा मेसेज म्हणजे समोरच्याची झोप उडवणं.

'हो' म्हणणाऱ्याला: 'तीन अहवाल उशिरा आले आणि पुढच्या टीमला प्रत्येक वेळी एक दिवस थांबावं लागलं. हे या महिन्यात व्हायला नको. तारखा ठरवताना मी तुमच्यावर जास्त काम टाकलं होतं का? यातली कोणती तारीख मुळातच जमणारी नव्हती?' इथे दार मुद्दाम किलकिलं केलंय, कारण या माणसाच्या तोंडून 'काम जास्त होतं' हे वाक्य आपणहून येणार नाही.

आता तिन्ही पुन्हा वाचा. तीन अहवाल, एक दिवस, या महिन्यात नको: हे तिन्हीकडे तसंच आहे. हीच तुमची परीक्षा. भेटीनंतर तिघांना 'साहेबांनी काय सांगितलं?' असं कोणी विचारलं आणि तिघांची उत्तरं वेगळी आली, तर तुम्ही रीत बदलता बदलता निरोपच बदललात. मवाळ माणसाशी बोलताना हे फार सहज होतं. आपण इतकं गोड बोलतो की त्याला आपलं कौतुक झाल्यासारखं वाटतं.

पायरी ६: स्वभाव आणि अनुभव यांत गल्लत नको

एरवी मोकळा सोडलेला आवडणारा माणूस नव्या कामावर गेला की त्याला जास्त वेळा भेट आणि जास्त स्पष्ट सूचना लागतात. ग्रोव्ह यांचा भर नेमका यावर होता: त्या विशिष्ट कामातला माणसाचा अनुभव बघून देखरेख किती ते ठरवा. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचारही याच वाटेचा. म्हणून 'याला स्वातंत्र्य आवडतं' असं एकदा ठरवून मोकळे होऊ नका. काम बदललं, की पहिले सहा आठवडे भेट दर आठवड्याला घ्या. मग हवं तर पंधरवड्यावर न्या.

पायरी ७: दुरून बोलताना

व्हिडिओवर शांतता आणखी अवघड होते, कारण आवाज जरा उशिराने पोहोचतो आणि दोघं एकदम बोलायला लागतात. थांबण्याचा वेळ थोडा वाढवा. कॅमेऱ्याची सक्ती करू नका. काहींना नुसत्या आवाजावर, फोन कानाला लावून फेऱ्या मारत बोलणं जमतं, आणि ते लोक कॅमेऱ्यावर निम्मंही बोलत नाहीत. समोरचा माणूस तुमच्या भाषेत दुसऱ्या भाषेतून येऊन बोलत असेल, तर त्याचा कोरडेपणा किंवा तुटकपणा स्वभावाच्या खात्यात टाकायच्या आधी दहा वेळा विचार करा. शब्द कमी असले की माणूस रुक्ष वाटतो. अशांना लिहिण्याची सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पायरी ८: काय सारखंच ठेवायचं

पद्धत माणसागणिक बदलायला लागलात की एक धोका हळूच आत येतो. ज्याच्याशी बोलायला आवडतं त्याची भेट पन्नास मिनिटं चालते, आणि गप्प माणसाची 'आज काही विशेष नाही ना? मग राहू दे' म्हणून रद्द होते. वर्षभराने पहिल्याला सगळ्या नव्या संधींची खबर आधी मिळालेली असते, आणि ती मुद्दाम दिल्याचं तुम्हाला आठवतही नाही.

यासाठी दर महिन्याला एक साधा तक्ता भरतो. प्रत्येकाच्या नावापुढे: किती भेटी ठरल्या, किती झाल्या, रद्द कोणी केल्या, पुढच्या संधीबद्दल किंवा शिकण्याबद्दल बोलणं झालं का, आणि स्पष्ट असा एक तरी फीडबॅक दिला का. दहा मिनिटांचं काम आहे. भरायला लागलो तेव्हा माझे दोन रकाने सलग तीन महिने रिकामे निघाले, दोन्ही शांत माणसांचे.

टिपणांबद्दलही एक पथ्य: ते टिपण उद्या त्या माणसाने वाचलं तर चालेल, असंच लिहायचं. 'विषय आधी कळवलेला आवडतो' हे चालेल. 'बहुधा नैराश्य असावं' हे तुम्ही लिहू नये, बोलू नये आणि गृहीत तर मुळीच धरू नये. कोणी स्वतःहून तब्येतीबद्दल सांगितलं तर ऐका, कामात काय सोय हवी ते विचारा, आणि नोंद फक्त त्या सोयीची ठेवा.

पायरी ९: जमतंय का, ते बघा

'भेट उपयोगी वाटते का?' असं विचारून खरं उत्तर मिळत नाही. 'हो' म्हणणारे तर 'हो'च म्हणतील. मी तीन खुणा बघतो. वाईट बातमी पूर्वीपेक्षा लवकर येते का? सामाईक कागदावर त्यांनी टाकलेले विषय माझ्या विषयांपेक्षा जास्त झाले का? आणि गेल्या दोन महिन्यांत त्या माणसाबद्दलची एखादी महत्त्वाची गोष्ट मला तिसऱ्याकडून कळली का? यातली तिसरी खूण सगळ्यात कडू आणि सगळ्यात खरी.

दर तीन महिन्यांनी एकदा भेटीची शेवटची पाच मिनिटं भेटीबद्दलच बोला: 'यातलं एक काय बंद करू, एक काय सुरू करू?' उत्तर 'काही नाही' आलं तर तुम्हीच दोन पर्याय ठेवा, वेळ सकाळची करू की दुपारची, बसून बोलू की चालत. छोट्या गोष्टीत निवड करायची सवय लागली की मोठ्या गोष्टी हळूहळू निघतात.

दोनदा-तीनदा रीत बदलूनही कोणी मिटलेलंच राहिलं, तर आणखी एखाद्या युक्तीच्या शोधात राहू नका. कधी अडचण पद्धतीत नसते, तुम्हा दोघांमध्ये असते: जुना एखादा प्रसंग, न मागितलेली माफी, हुकलेली बढती. माझ्या बाबतीत एकदा तसं होतं. सगळ्यांसमोर मी एकाचं वाक्य अर्ध्यावर तोडलं होतं, मला आठवतही नव्हतं, त्याला तारखेसकट आठवत होतं. त्या दिवशी अजेंडा बाजूला ठेवला आणि 'तेव्हा माझं चुकलं' एवढंच म्हणालो. तो लगेच काही बोलला नाही. मी सातपर्यंत मोजलं, मग पुन्हा सातपर्यंत.